गाडीच्या पोटाखाली खरेकाका

खरेकाकांची आणि माझी ओळख त्यांच्या पायांपासून झाली.

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या या घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. रविवारी सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले, तर आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. राखाडी लोकरीचे मोजे, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर, आणि बाकीचा माणूस गाडीखाली गडप. शेजारी बुटांचा जोड अगदी टाचेला टाच लावून ठेवलेला, देवळाबाहेर काढून ठेवतात तसा. माझ्या हातून पिशवी पडली आणि मी अस्सल सिंहगड रोडच्या सुरात ओरडले, "निखिल, अरे धाव! गाडीखाली कुणीतरी मेलंय!"

गाडीखालून शांतपणे उत्तर आलं, "मेलेलं नाही हो. मी शेजारचा, खरे. तुम्ही मराठी आहात वाटतं? बरं झालं. तुमच्या गाडीच्या पोटाची फार आबाळ झालीय."

परक्या देशात, परक्या बाईच्या गाडीखाली, न विचारता शिरलेला माणूस मलाच बोल लावत होता. मी जरा तापट आहे. चार शब्द सुनावण्यासाठी ते बाहेर यायची वाट बघत उभी राहिले. ते आले. सुतळीसारखे बारीक, पन्नाशी उलटलेले, कपाळाला ग्रीस. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आमच्या मागच्या चाकाच्या आतून एक बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि म्हणाले, "काल टाकलंय. चार दिवस तरी झोंबणार."

काय टाकलंय ते मला पुढे कळलं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथली खेमेन्ते, म्हणजे नगरपालिका, मिठाच्या गाड्या फिरवते. ते मीठ पाण्यात विरघळतं, चाकांनी वर उडतं आणि गाडीला खालून चिकटून बसतं. "मीठ लोणच्याला टिकवतं आणि लोखंडाला खातं," असं काकांचं वचन आहे. मिठाची गाडी आमच्या गल्लीत यायच्या आधीच त्यांना ती येणार हे कळतं. संध्याकाळी दारात उभे राहून, नाक वर करून ते नुसते "आज येणार" म्हणतात, आणि ती येते. हवामानखात्याचं चुकल्याचं मी पाहिलंय, काकांचं नाही.

आपण माणसाला तोंडावरून ओळखतो, काका गाडीच्या पोटावरून. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी पन्नास लोकांसमोर माझी ओळख करून दिली, "या आमच्या शेजारच्या. वरून ठीक आहेत, पण मागच्या बाजूला खालून गंज धरलाय." लोकांनी माझ्याकडे मागून बघितलं. माझा नवरा निखिल अजून ते वाक्य माझ्या वाढदिवसाला म्हणून दाखवतो.

शैलाकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या इथल्या एका पाळणाघरात काम करतात आणि डच पोरांना मराठीत दटावतात. पोरं ऐकतातही. नवऱ्याबद्दल त्यांची तक्रार एकच. काका गाडीला जे लावतात ते मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीपासून केलेलं मेण असतं. ते मधाच्या रंगाचं असतं आणि त्याला ओल्या मेंढीचा वास येतो. काकूंनी तो डबा स्वयंपाकघरात आणायला पहिल्याच वर्षी बंदी घातली. "लग्न केलं चिंचवडच्या इंजिनियरशी," त्या म्हणतात, "आणि दिवाळीपासून होळीपर्यंत संसार करते मेंढपाळाशी." गल्लीतली कुत्री काकांच्या मागे मागे फिरतात, ते काकूंना आणखी झोंबतं.

दिवाळीचं म्हणाल तर तोच काकांचा मुहूर्त. इथे पहिलं मीठ पडतं ते साधारण दिवाळीनंतर, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात ते गाडीला अभ्यंग घालतात. हा शब्द त्यांचाच. गाडीला चढवायचे दोन लोखंडी उतार आहेत, त्यांना ते "पाट" म्हणतात. गाडी आदल्या दिवशी खालून धुऊन आणायची, चिंचवडहून आणलेल्या टेबलफॅनने रात्रभर वाळवायची आणि सकाळी पाटावर बसवायची. मग काका बूट काढतात. मी एकदा विचारलं, बूट का काढता? "टाच अडकते," ते म्हणाले. मला ते काही पटलं नाही, कारण बूट काढल्यावर ते क्षणभर हात जोडल्यासारखे उभे राहतात.

त्यानंतरचं काम मी एकदा कौतुक म्हणून बघायला बसले आणि दोन तास हलले नाही. आधी तारेच्या ब्रशाने गंजाचा कण न कण खरवडायचा. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून मेण पातळ करायचं. मग उताणं झोपून, हात वर करून, ब्रशाने एकेक सांधा, एकेक बोल्ट, एकेक नळी. जिथे ब्रश पोचत नाही तिथे बोटाने. बाळाच्या कानामागे तेल लावतात तितक्या हलक्या हाताने. जे कधी कुणाला दिसणार नाही, त्यावर हा माणूस दोन तास मान मोडून काम करत होता. मला माझ्या ऑफिसातल्या, फक्त साहेबाला दिसतील तेवढेच रकाने भरणाऱ्या कामाची लाज वाटली. खरंच वाटली.

आणि काड्या! त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. गाडीच्या दाराखालच्या पट्टीत, अगदी तळाला, बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी त्यातून गळून जातं. उत्साही लोक मेण फासताना ती भोकं बुजवून टाकतात, मग पाणी आत कोंडतं आणि गाडी आतून कुजते. म्हणून काका मेण लावण्याआधी प्रत्येक भोकात एक काडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी मेण सुकलं की उपसून काढतात. ही काडी उदबत्तीची, जळून उरलेली. "टूथपिक मोडतं. उदबत्तीची काडी मोडत नाही. आपल्या लोकांनी याचं पेटंट घ्यायला हवं होतं." त्यामुळे हूफडॉर्पातल्या यच्चयावत मराठी घरांत सत्यनारायणाला खरेकाका प्रसादाआधी देवासमोर जातात, उदबत्तीच्या घरातल्या काड्या उपसतात आणि रुमालात बांधतात. नव्याने आलेल्या एका जोडप्याला वाटलं की हा कोकणातला काही विधी असणार, आणि त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला.

काड्या मोजून घालायच्या, मोजून काढायच्या. "चौदा घातल्या, चौदा निघाल्या," असं म्हटल्याशिवाय काका गाडी सोडत नाहीत. काडी आत राहिली तर भोक बंदच राहिलं, मग केलेलं सगळं फुकट.

आमची गाडी त्यांनी त्या पहिल्याच वर्षी ताब्यात घेतली. वसंतात वार्षिक तपासणीला नेली, तर तिथल्या मेकॅनिकने ती वर उचलली, खाली उभं राहून बघितलं आणि न बोलता आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. तिघं माना वर करून उभे होते. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं. "शेजाऱ्यांनी," मी म्हटलं. माझा ऊर भरून आला होता, जसं काही ते मीच केलं होतं. पुढच्या दिवाळीपासून गल्लीतली डच मंडळीही रांगेत आली. काका कुणाकडून काही घेत नाहीत. सफरचंदाचा केक मात्र नाही म्हणत नाहीत.

तर असा हा माणूस. त्याला हात जोडावेत, आणि त्याच्याशी संसार करावा लागला तर कपाळावर मारावेत.

कारण दिव्याखाली अंधार होताच. काकांना एकुलती एक मुलगी, सई. चार वर्षांची असताना इथे आली, इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमधून किंवा इंग्रजीतून, मध्ये फार तर चार शब्द मराठी. तीन वर्षांपूर्वी तिला स्वीडनमध्ये नोकरी लागली, अगदी उत्तरेला, जिथे सहा महिने बर्फ. तिने एक छोटी जुनी लाल गाडी घेतली आणि सामान भरून निघाली. तिला निरोप द्यायला मीही बाहेर उभी होते. सई खिन्न दिसत होती. तिचं कुणाशी तरी जुळलेलं मोडलं होतं आणि त्या वर्षी ती फार वाळली होती, हे आमच्या निखिललासुद्धा दिसलं होतं. काका दोन तास गाडीखाली होते. बाहेर आले ते मेणाचा डबा आणि दोऱ्याने बांधलेली काड्यांची जुडी घेऊन, आणि लागले सांगायला. पहिल्या बर्फाआधी लाव, भोकं दहा आहेत, दहा घाल, दहा काढ, मागच्या ब्रेकच्या नळीला दोन हात दे.

सईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, यू नो व्हॉट? होल इयर, तुम्ही एकदा पण नाही विचारलं, मी कशी आहे. वन्स. गाडीचं पोट बघितलं. माझं तोंड नाही बघितलं."

डबा तिने घेतला, कारण काकूंनी तो मागच्या सीटवर ठेवला. गाडी गेली. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "सायलेन्सरचा आवाज बरा आहे."

त्यानंतर सईचे फोन येत ते फक्त काकूंना. व्हिडिओ कॉल चालू असला की काका पडद्याच्या कडेला येऊन उभे राहत, म्हणजे सईला त्यांचा एक कान दिसत असावा, आणि काकूंना कुजबुजत, "विचार तिला, पोट बघितलं का?" काकू विचारत. सई म्हणे, "आई, आय हॅव अ मीटिंग." दर ऑक्टोबरात काका तिला पार्सल पाठवत. एक डबा, एक ब्रश, दहा काड्यांची जुडी. पार्सल पोचल्याचा पोस्टाचा मेसेज येई, तेवढाच. सईचा एक शब्द नाही.

गेल्या ऑक्टोबरात ते तिसरं पार्सल बांधत होते तेव्हा माझा तोल सुटला. ते बागेतल्या खोपटात काड्या निवडत होते, वाकड्या एका बाजूला, सरळ एका बाजूला.

"काका, रागवा हवं तर," मी म्हटलं, "पण त्या पोरीला मेण नकोय. एकदा फोन उचला आणि विचारा, कशी आहेस. एवढं काय जड आहे त्यात?"

ते रागावले नाहीत. बराच वेळ काड्याच निवडत राहिले.

"मुग्धा," ते म्हणाले. माझं नाव त्यांना पाठ होतं हे मला तेव्हा कळलं. "आम्ही इथे आलो ना, त्या पहिल्या हिवाळ्यात मी एक जुनी गाडी घेतली. चिंचवडला मी गाड्या रंगवायच्या विभागात होतो. गाडी चकचकीत ठेवावी कशी, ते मला कुणी शिकवू नये. तिची पूजा केली, नारळ फोडला, पुढे लिंबू-मिरची बांधली. दर रविवारी बादली आणि फडकं. शेजारी बघत राहायचे. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोण टाकतं गं? खाली वाकून बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"फेब्रुवारीत सईला घेऊन निघालो होतो. शैला घरी होती. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरताना ब्रेक दाबला, तर पेडल सरळ जमिनीला टेकलं. मिठाने खालून नळी खाल्ली होती. पुढे सिग्नलला गाड्या उभ्या. मी गियर पाडले, हँडब्रेक ओढला, गाडी गवतात घातली. पाण्याच्या चरापासून दोन हातांवर थांबली. सई मागे गाणं म्हणत होती. म्हणाली, बाबा, गाई बघायला थांबलो का? मी म्हटलं, हो. मग अर्धा तास आम्ही गाई बघितल्या."

"काकूंना...?"

"नाही सांगितलं. कुणालाच नाही. तूही सांगू नकोस."

मी म्हटलं, "मग काका, हेच तिला सांगा ना. आणि विचारा की, कशी आहेस."

"विचारलं असतं गं," ते म्हणाले. "पण ती 'बरी नाही' म्हणाली तर? मग मी काय करणार? गाडीला निदान काहीतरी लावता येतं."

पार्सल गेलं. मी काही बोलले नाही कुणाला. आता हे लिहून मीच काकूंना सांगते आहे असं वाटेल, पण ते पुढे काकांनीच त्यांना सांगितलं.

डिसेंबरात काकू धावत आल्या. सई नाताळच्या सुट्टीला येत होती आणि विमानाने नव्हे, तीच लाल गाडी घेऊन, दोन दिवस चालवत. "एवढ्या बर्फातून!" काकू म्हणाल्या. ज्या दिवशी ती यायची होती त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर काकांनी दोन्ही पाट बाहेर मांडले. थोड्या वेळाने उचलून आत नेले. पुन्हा मांडले. पुन्हा नेले. जेवायच्या वेळेला पाट तिसऱ्यांदा बाहेर आले होते आणि काका त्यांच्याकडे बघत उभे होते.

तीनच्या सुमारास गाडी आली. मिठाने पांढरी पडलेली, लाल रंग ओळखू येऊ नये इतकी. मी कामाचं निमित्त करून बाहेर गेले. खरं काम काहीच नव्हतं. सईने गाडी फाटकाशी थांबवली. तिला पाट दिसले. मला वाटलं, आता ही गाडी वळवून परत जाते. तिने काच खाली केली, मान बाहेर काढून अंदाज घेतला, आणि गाडी हळूहळू पाटांवर चढवली. दोन्ही चाकं नेमकी मध्ये. हँडब्रेक ओढला आणि ती उतरली.

"होइ, बाबा," तिने डचमधून हाक दिली.

"आलीस?" काका म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्याच्या जरा डावीकडे कुठेतरी बघितलं. मग बूट काढले, टाचेला टाच लावून ठेवले, पुठ्ठा टाकला, टॉर्च घेतला आणि गाडीखाली गेले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "तीन वर्षांनी पोरगी आली, आणि बघ गं मुग्धा, हे बघ!" मला तर वाटलं, पाय धरून त्यांना बाहेर ओढावं. सई नुसती उभी होती, हात जॅकेटच्या खिशात.

गाडीखालून आवाज येईना. एरवी काकांचं समालोचन अखंड चालतं, इथे गंज आहे, तिथे क्लॅम्प गेलाय. टॉर्चचा उजेड मागून पुढे गेला, पुढून मागे आला आणि एका जागी थांबला. थांबला तो थांबलाच. मला राहवेना. मी खाली वाकले, आणि पहिल्यांदाच काकांचे हात सोडून गाडीचं पोट बघितलं.

मीठ होतं, चिखल होता, पण त्याखाली मधाच्या रंगाचा थर होता, थरावर थर. कुठे जाड, कुठे पातळ, नवशिक्या हाताचा. पण एकही सांधा सुटलेला नव्हता. मागच्या नळीवर, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे बोटांचे ठसे होते. दाराखालच्या पट्टीतली भोकं स्वच्छ उघडी होती. फक्त एकात, अगदी मागच्या, टोकाला जळलेली एक काडी अडकलेली होती. काका उताणे पडून त्या काडीला बोट लावून होते.

तेवढ्यात सईने बूट काढले. ते काकांच्या बुटांशेजारी टाचेला टाच लावून ठेवले, आणि आपल्या चांगल्या जॅकेटनिशी पुठ्ठ्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर आडवी होऊन आत सरकली. मी उठून उभी राहिले. मला फक्त चार मोजे दिसत होते, त्यातल्या एकाचा अंगठा बाहेर.

"एक काडी राहिलीय," काकांचा आवाज आला.

"माहितीय," सई निव्वळ मराठीत म्हणाली. जरा अडखळत, पण मराठीत. "दहा घातल्या, नऊ निघाल्या. ती निघतच नव्हती. म्हटलं, बाबा काढतील."

काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. चारही पाय स्थिर होते. मग काकांनी घसा खाकरला, एकदा, पुन्हा एकदा.

"सई," ते म्हणाले, "कशी आहेस?"

ती बोलायला लागली. मराठी संपलं की डच, डच संपलं की इंग्रजी. मध्येच नाक ओढलं, कुणी ते कळलं नाही. काकू मला म्हणाल्या, "चल, आपण आत जाऊ." आम्ही आत जाऊन चहा टाकला. तो दोनदा परत गरम करावा लागला.